नियमांच्या ठरावाचा दिवस: नवं सभागृह आपली नियमावली कशी ठरवतं आणि ती कशी वाचायची

निवडणूक झाली, निकाल लागले, नवे सदस्य पायऱ्यांवर फोटो काढून आत गेले. पुढचे चार दिवस बातम्या शपथविधीच्या, अध्यक्षांच्या निवडीच्या आणि मंत्रिपदांच्या. याच गडबडीत अनेक देशांत आणखी एक ठराव मंजूर होऊन जातो: सभागृहाचं कामकाज कोणत्या नियमांनी चालेल, याचा. कोणतं विधेयक चर्चेला येईल, सदस्याला किती मिनिटं बोलता येईल, दुरुस्ती कोण सुचवू शकेल, कोणाची मागणी कामकाज पत्रिकेपर्यंत पोहोचणारच नाही, हे सगळं त्या ठरावात ठरतं. नव्या सभागृहाचं हेच सर्वांत महत्त्वाचं मतदान आहे असं मी मानतो, आणि नेमकं त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं याची मला खंत वाटते.

पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य, त्याचा सहायक, विधिमंडळाचं वार्तांकन करणारा पत्रकार, राज्यशास्त्राचा विद्यार्थी, एखाद्या कायद्यासाठी झटणारी संघटना, अशा सगळ्यांना हाताशी ठेवता यावा म्हणून हा लेख. प्रत्येक देशाची रीत वेगळी असली, तरी टप्पे बरेचसे सारखे असतात.

पहिला टप्पा: जुने नियम जिवंत आहेत का, ते आधी पाहा

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा. मागच्या सभागृहाबरोबर त्याची नियमावलीही संपते, की ती पुढे चालू राहते?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ती संपते. दर दोन वर्षांनी संपूर्ण सभागृह नव्याने निवडून येतं, ३ जानेवारीला मुदत सुरू होते आणि नियम पुन्हा मंजूर करावे लागतात. जर्मनीच्या संसदेचं, म्हणजे बुंडेस्टागचंही तसंच. नवी बुंडेस्टाग पहिल्या बैठकीत आपली नियमावली स्वीकारते, बहुतेक वेळा जुनीच थोड्याफार फरकाने.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये मात्र दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांचीच निवडणूक होते, म्हणून ती स्वतःला अखंड चालणारं सभागृह मानते. नियम बदलले जाईपर्यंत एका काँग्रेसमधून (म्हणजे अमेरिकी संसदेच्या दोन वर्षांच्या मुदतीतून) पुढच्या काँग्रेसमध्ये चालू राहतील, हे तिने १९५९ साली आपल्या नियमांतच लिहून ठेवलं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्थायी आदेश, म्हणजे कायम लागू असणारे नियम असतात, ते निवडणुकीनंतरही टिकतात. त्यांच्या जोडीला केवळ एका अधिवेशनापुरते आदेशही असतात, आणि ते त्या अधिवेशनाबरोबर संपतात. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ११८ ने संसदेच्या आणि अनुच्छेद २०८ ने राज्यांच्या सभागृहांना नियम करण्याचा अधिकार दिला आहे. लोकसभा नवी आली म्हणून तिथे नियमावली पुन्हा मंजूर करावी लागत नाही. बदल करायचा झाला तर तो नियम समितीमार्फत येतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. नियम संपत असतील, तर पहिल्या दिवशी बहुमताच्या हातात कोरी पाटी असते आणि तुमच्याकडे जेमतेम काही तास. नियम चालू राहत असतील, तर पहिला दिवस शांत जातो, पण बदल पुढे कधीही, एखाद्या साध्या अहवालाच्या रूपात येऊ शकतो. तेव्हा नजर कॅलेंडरवर ठेवायची की समितीच्या दारावर, याचं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा टप्पा: पहिल्या दिवशी खुर्चीत कोण बसणार?

अध्यक्ष अजून निवडलेला नाही, तरी बैठक कोणीतरी चालवायला हवी. भारतात त्यासाठी हंगामी अध्यक्ष नेमतात आणि तेच सदस्यांना शपथ देतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मागच्या सभागृहाचा क्लार्क, म्हणजे स्वतः सदस्य नसलेला अधिकारी, हे काम करतो. जर्मनीत ज्येष्ठ सदस्याला मान असतो. पूर्वी बुंडेस्टागमध्ये वयाने ज्येष्ठ सदस्य बसायचा. २०१७ पासून सभागृहात सर्वाधिक वर्षं काढलेला सदस्य बसतो.

ही बाब वरकरणी मानापानाची वाटते. तशी ती नाही, हे जर्मनीच्या ठ्युरिंगिया राज्यात दिसलं. २६ सप्टेंबर २०२४ रोजी एर्फुर्टमध्ये नव्या विधानसभेची पहिली बैठक भरली. तिथे वयाचाच निकष होता, आणि वयाने सर्वांत मोठे सदस्य एएफडी या सर्वांत मोठ्या पक्षाचे होते. अध्यक्षपदासाठी नाव सुचवण्याचा पहिला मान सर्वांत मोठ्या पक्षाचा, असा जुना नियम. सीडीयू आणि बीएसडब्ल्यू या पक्षांना तो आधी बदलून, सर्वच पक्षांना सुरुवातीपासून नाव सुचवता यावं असं करायचं होतं. त्यासाठी त्यांचा प्रस्ताव अध्यक्षांच्या निवडीआधी मतदानाला यायला हवा होता. खुर्चीतल्या ज्येष्ठांनी तो घेतलाच नाही. सभागृहाची गणसंख्या (कोरम) पुरी आहे की नाही हे जाहीर करण्याचं प्राथमिक कामही त्यांनी पुढे ढकललं. बैठक पुन्हा पुन्हा तहकूब झाली आणि प्रकरण राज्याच्या घटनात्मक न्यायालयात गेलं. अध्यक्ष निवडण्याआधीही सभागृह आपले नियम बदलू शकतं, असा निकाल न्यायालयाने दिला. २८ तारखेला बैठक पुन्हा भरली, आधी नियम बदलला गेला आणि मग सीडीयूचे थाडेउस क्योनिग अध्यक्ष झाले.

आता यातला झगडा नीट पाहा. कोणता नियम हवा, हा वाद होताच. पण दोन दिवस सभागृह अडलं ते 'आधी काय आणि नंतर काय' यावर. म्हणून पहिल्या दिवसाची कामकाज पत्रिका हातात आली, की त्यातला क्रम तपासा. नियमांचा ठराव अध्यक्षांच्या निवडीआधी आहे की नंतर? ज्याच्या हातात क्रम, त्याच्या हातात पुष्कळ काही असतं.

तिसरा टप्पा: नियम नसतानाचा काळ

जिथे नियमावली दर वेळी नव्याने मंजूर होते, तिथे पहिल्या घंटेपासून ठराव मंजूर होईपर्यंत सभागृह लेखी नियमांविना चालतं. त्या काळात संसदीय कामकाजाचे सर्वमान्य संकेत लागू असतात: एका वेळी एकच प्रस्ताव, प्रस्तावाला मत, बहुमताने निर्णय, खुर्चीचा आदेश. बहुधा हा काळ काही तासांचाच असतो. पण २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अध्यक्ष ठरायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. ३ तारखेला सुरू झालेलं मतदान ७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर संपलं. तोवर सदस्यांचा शपथविधीही झाला नव्हता, कारण तिथे आधी अध्यक्ष, मग शपथ आणि मग नियम असा क्रम आहे. नियमांचा ठराव ९ जानेवारीला २२० विरुद्ध २१३ मतांनी मंजूर झाला.

या काळात काय होऊ शकतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण १८९० सालचं आहे. टॉमस रीड तेव्हा प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष होते. त्या काळी अल्पमतातल्या पक्षाकडे एक हुकमी शस्त्र होतं. मतदानाला नाव पुकारलं की खुर्चीत बसून गप्प राहायचं. मत देणाऱ्यांचीच हजेरी धरली जाई, त्यामुळे भरल्या सभागृहात कोरम नाही असं ठरे आणि काम थांबे. त्या सभागृहाचे नियम अजून मंजूर व्हायचे होते. २९ जानेवारीला एका निवडणूक वादावर मत घेताना विरोधकांनी हेच केलं. रीड यांनी गप्प बसलेल्यांची नावं मोठ्याने वाचायला आणि त्यांना हजर म्हणून नोंदवायला सुरुवात केली. सभागृहात एकच गदारोळ झाला. केंटकीचे एक सदस्य उठून म्हणाले, मला हजर धरण्याचा अधिकार तुम्हाला नाही. रीड यांनी शांतपणे विचारलं, सदस्य हजर आहेत ही वस्तुस्थिती मी सांगतो आहे, ती त्यांना नाकारायची आहे का?

उभं राहून 'मी इथे नाही' असं कोण म्हणणार? पुढे १४ फेब्रुवारीला मंजूर झालेल्या नियमावलीत हीच पद्धत लेखी आली आणि १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. लेखी नियम नव्हते, त्या अवधीत खुर्चीने दिलेला एक निर्णय पुढे लेखी नियम झाला. म्हणून या काळातला खुर्चीचा प्रत्येक निर्णय शब्दशः टिपून ठेवा, तारखेसह आणि वेळेसह.

चौथा टप्पा: मसुदा कुठे तयार होतो, त्याचा माग काढा

सभागृहात येतो तो मसुदा जवळपास पक्का झालेला असतो. खरी घासाघीस आधी होते, आणि बहुतेक ठिकाणी ती बहुमतातल्या पक्षाच्या बंद बैठकीत होते. २०२३ मध्ये अमेरिकेत नियमांवरचे सौदे आणि अध्यक्षपदाची मतं एकाच टेबलावर होती. मूठभर नाराज सदस्यांनी मतांच्या बदल्यात नियमांत बदल मिळवले. कोणताही एक सदस्य अध्यक्षांना हटवण्याचा प्रस्ताव आणू शकेल, हा त्यातला एक.

न्यूझीलंडची रीत वेगळी आहे, आणि मला ती मनापासून पटते. तिथली स्थायी आदेश समिती संसदेच्या मुदतीच्या अखेरीस नियमांचा फेरआढावा घेते आणि शक्य तितकं सर्वपक्षीय एकमत साधते. सुधारलेले नियम पुढच्या संसदेसाठी असतात. पुढच्या वेळी सत्तेच्या बाकांवर कोण आणि विरोधी बाकांवर कोण, हे ठाऊक नसताना नियम लिहायचे झाले, की प्रत्येक जण ते दोन्ही बाजूंनी तपासून घेतो.

भारतातल्या लोकसभेचा मार्ग समितीचा. नियम समितीत अध्यक्षांसह १५ सदस्य असतात आणि लोकसभेचे अध्यक्षच तिचे प्रमुख असतात. समितीच्या शिफारशी सभागृहाच्या पटलावर ठेवल्या जातात. त्यानंतर सात दिवसांत कोणत्याही सदस्याला दुरुस्तीची सूचना देता येते. मुदतीत एकही सूचना आली नाही, तर सभागृहाने शिफारशी मान्य केल्या असं समजलं जातं. म्हणजे ना चर्चा, ना मतदान. इथे गप्प राहणं म्हणजे होकार. त्यामुळे अहवाल पटलावर ठेवला गेला ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि त्या दिवसासह सात दिवस मोजा.

पाचवा टप्पा: मसुदा जुन्या नियमांशेजारी ठेवून वाचा

खरं काम इथे आहे, आणि त्याला वेळ लागतो. नियमांचा ठराव बहुधा असा असतो: मागच्या सभागृहाचे नियम पुढील बदलांसह स्वीकारण्यात यावेत. खाली बदलांची यादी: अमुक नियमातल्या तमुक पोटनियमात या शब्दांऐवजी ते शब्द घालावेत. नुसती यादी वाचून काहीही कळत नाही. जुनी नियमावली उघडा, प्रत्येक बदल तिच्यात स्वतःच्या हाताने घाला आणि मग सलग वाचा. एकट्याने करू नका. एकाने जुना मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवावं. डोळ्यांनी सुटलेलं कानाला सापडतं.

वाचताना लहान शब्दांवर थांबा. 'घेण्यात येईल' च्या जागी 'घेता येईल' आलं, की खुर्चीवरचं बंधन जाऊन तिथे मर्जी येते. 'लेखी सूचनेनंतर' हे दोन शब्द गळले, की विरोधकांना तयारीला मिळणारा एक दिवस गळतो. बहुमताच्या व्याख्येत तर एकेका शब्दाची किंमत आकड्यांत मोजता येते. समजा सभागृह १२० जणांचं आहे, त्या दिवशी ९० हजर आहेत आणि त्यातले १० तटस्थ राहिले. दोन तृतीयांश बहुमत म्हणजे किती? 'एकूण सदस्यांच्या' असं लिहिलं असेल तर ८० मतं. 'उपस्थित सदस्यांच्या' असेल तर ६०. 'उपस्थित आणि मतदान करणाऱ्या' असेल तर ५४. तीच बैठक आणि तेच लोक, पण ८० आणि ५४ मध्ये २६ मतांचा फरक.

वेळ कमीच असेल, तर मी आधी या जागा पाहीन. कामकाज पत्रिका कोण ठरवतं आणि विरोधकांसाठी वेळ राखून ठेवला आहे का. चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव कधी आणि किती मतांनी मंजूर होतो. विधेयकाला दुरुस्ती सुचवण्याची मुदत किती तासांची. समित्यांतल्या जागा पक्षांच्या संख्याबळानुसार आहेत की खुर्चीच्या इच्छेवर. सदस्याच्या निलंबनाचा कालावधी. अध्यक्षांना हटवण्याची रीत. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत काळजीपूर्वक, नियम स्थगित करण्याचा नियम. तो जर साध्या बहुमतावर ठेवला असेल, तर बाकीची सगळी नियमावली बहुमताच्या सोयीपुरती उरते.

यातला एखादा बदल किती भारी पडू शकतो? २०२३ मधल्या त्या एका सदस्याच्या तरतुदीचा वापर त्याच वर्षी झाला. ३ ऑक्टोबर रोजी २१६ विरुद्ध २१० मतांनी केव्हिन मॅकार्थी यांचं अध्यक्षपद गेलं. नियम मंजूर होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. २०२५ च्या जानेवारीत नव्या सभागृहाने ही अट कडक केली. आता असा प्रस्ताव बहुमतातल्या पक्षाच्या सदस्यानेच आणायचा आणि त्यावर त्याच पक्षाच्या आणखी आठ जणांची नावं हवीत.

सहावा टप्पा: मतदानाच्या दिवशी

नियमांच्या ठरावावर प्रत्येक पक्षाचा पक्षादेश असतो, त्यामुळे शेवटच्या मतदानात धक्का क्वचितच बसतो. धक्का बसायचा तर त्याआधीच्या मतदानात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात चर्चा साधारण तासभर चालते आणि मग 'चर्चा पुरे, आता मत घ्या' असा प्रस्ताव येतो. तो पडला, तर ठरावाची सूत्रं विरोधकांकडे जातात आणि त्यांना स्वतःची दुरुस्ती मांडता येते. विरोधकांना ठराव समितीकडे पाठवण्याची मागणी करायचीही एक संधी असते. ही मतदानं रुक्ष दिसतात म्हणून पत्रकारांच्या गॅलरीतली निम्मी माणसं चहाला उठतात. तुम्ही उठू नका. कोणत्या सदस्याने कशाला मत दिलं, हे तिथेच कळतं.

सदस्य असाल तर तीन गोष्टी आधीच तयार ठेवा: दुरुस्तीचा मजकूर लेखी, त्यावर अनुमोदकाची सही, आणि दोन मिनिटांत संपेल असं भाषण. पाच मिनिटांचं भाषण बरोबर असेल, पण मिळतील ती दोनच मिनिटं. ठराव आवाजी मतदानाने उरकला जातोय असं दिसलं, तर निकाल जाहीर होण्याआधी मतविभागणी, म्हणजे मतांची नोंदवून मोजणी मागा. निकाल जाहीर झाल्यावर केलेली मागणी बहुधा वाया जाते. दुरुस्ती पडणार हे माहीत असलं तरी ती मांडा, कारण कोण कुठे उभं होतं हे तरी कार्यवृत्तात राहतं.

कॉमन्समध्ये पहिल्या दिवशी होणारी एक छोटी गोष्ट मला फार आवडते. राजाचं भाषण ऐकून सदस्य आपल्या सभागृहात परततात आणि त्या भाषणावर चर्चा सुरू करण्याआधी 'आउटलॉरीज बिल' नावाच्या विधेयकाचं पहिलं वाचन करतात. त्यावर चर्चा होत नाही आणि ते विधेयक पुढेही जात नाही. आधी काय हाती घ्यायचं हे आम्ही ठरवू, एवढंच राजसत्तेला सांगण्यासाठी ते आहे.

सातवा टप्पा: ठराव मंजूर झाल्यावर

छापील नियम जागेवर राहतो आणि अर्थ मात्र बदलतो, असंही घडतं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा थांबवायला ६० मतं लागतात असा नियम आहे, आणि खुद्द नियम बदलण्यावरची चर्चा थांबवायची तर उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. पण २०१३ आणि २०१७ मध्ये बहुमताने नियमाचं अक्षरही न बदलता खुर्चीच्या निर्णयावर मत घेतलं आणि नेमणुकांसाठी साधं बहुमत पुरेल असा पायंडा पाडला. २०१३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालय सोडून इतर नेमणुकांसाठी होता, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठीही. पुस्तक उघडलं तर जुनाच मजकूर दिसेल. म्हणून नियमावलीच्या शेजारी खुर्चीच्या निर्णयांची वही हवीच.

न्यायालयाकडून फार अपेक्षा ठेवू नका. भारतात अनुच्छेद १२२ आणि २१२ नुसार केवळ कार्यपद्धतीतल्या अनियमिततेवरून सभागृहाच्या कामकाजाला आव्हान देता येत नाही. घटनेचाच भंग झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या राजा राम पाल खटल्यात तो दरवाजा उघडा ठेवला आहे. पण नियम मोडला, एवढ्यावर बहुधा भागत नाही. हरकतीचा मुद्दा सभागृहातच आणि त्याच क्षणी उपस्थित करावा लागतो. पुढच्या विषयाला सुरुवात झाली की तो गेला.

आता एक साधं काम उरतं. तुम्ही खुणा करून ठेवलेली प्रत हा मसुदा आहे. सभागृहात ऐनवेळी एखादी दुरुस्ती स्वीकारली गेली असेल, तर ती प्रत चुकीची आहे. विधिमंडळ सचिवालयाकडून मंजूर मजकुराची अधिकृत प्रत घ्या, तुमच्या खुणा तिच्यावर उतरवा आणि मुखपृष्ठावर मंजुरीची तारीख लिहा. सूचना देण्याच्या सगळ्या मुदती एका कागदावर काढून टेबलासमोर लावा. पहिला हरकतीचा मुद्दा त्याच आठवड्यात येईल, आणि तेव्हा पानं चाळायला वेळ नसेल.